पानातली वाट, वावरातले तण

वऱ्हाडाच्या शेतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कापसाचे भाव, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, रेल्वे, सावकारी, एकाधिकार खरेदी, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आत्महत्या. तणाचा इतिहास मात्र निदान माझ्या वाचनात आलेला नाही. खरे तर आषाढापासून आश्विनापर्यंत इथल्या शेतकऱ्याचा अर्धा जीव तणात अडकलेला असतो. पाऊस आठ दिवस लागून राहिला, वाफसा झाला नाही आणि डवरे चालले नाहीत, की कपाशी दिसेनाशी होते आणि हरळी, लव्हाळा, केना, कुंदा, तांदुळजा, गाजरगवत यांचे राज्य सुरू होते.

१९१० चे अकोला आणि १९११ चे अमरावती जिल्हा गॅझेटियर वाचले, तर वखर, तिफण आणि डवरा यांच्या भोवती फिरणारी शेती डोळ्यांपुढे येते. दोन ओळींमधले तण डवऱ्याने निघायचे, ओळीतले तण बायांच्या हातातल्या विळ्याने. डवरणी आणि निंदण या दोन शब्दांत वऱ्हाडाचा सारा पावसाळा मावत असे. हे चित्र पुढे साठ-सत्तर वर्षे फारसे बदलले नाही. बदल झाला तो त्यानंतर. मजुरी वाढली, गावातली माणसे शहरात गेली, सोयाबीन आले, बैलजोड्या कमी झाल्या आणि कृषी केंद्राच्या फळीवर कीटकनाशकांच्या शेजारी तणनाशकांच्या बाटल्या दिसू लागल्या. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने बंदी झुगारून तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीची जाहीर लागवड केली, तेव्हा तण हा राजकारणाचाही विषय झाला.

मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही. जुनी अवजारे, पिकांच्या जाती आणि शेतीतले शब्द यांची टिपणे ठेवता ठेवता मी या विषयाकडे आलो. तणांची स्थानिक नावे गोळा करत असताना निंदणाला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारले होते, "भाऊ, आमी निंदतो तं गवत मुळासकट निंगते. हे पानी तं नुसतं पानावर पडते. मंग गवत मरते कसं?" बाटलीसोबतच्या पत्रकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. किती पाण्यात किती मिसळायचे, एवढेच होते. उत्तर शोधताना मला जी माहिती मिळाली, ती एका रसायनापुरती नव्हती. हिरव्या पानाच्या आत चालणाऱ्या एका प्रवाहाची आणि तो प्रवाह राखणाऱ्या प्रथिनांची ती हकिकत होती, आणि तिच्यात आपल्या माणसांचाही वाटा होता.

बाटलीच्या आधी परीक्षानळी

हिरवे पान सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करते, प्राणवायू बाहेर सोडते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवते, हे आपण शाळेत शिकतो. शाळेत सहसा सांगितले जात नाही ते असे, की या दोन कामांच्या मध्ये इलेक्ट्रॉनांची एक लांब वाट आहे. पाण्यातून निघालेला इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिला जातो आणि शेवटी साखर बनवण्याच्या कामी येतो.

ही वाट हळूहळू उलगडत गेली. १९३७ मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी पान कुटून त्यातली हरितलवके वेगळी काढली, त्यांत लोहाचा एक क्षार घातला आणि त्यांवर प्रकाश टाकला. कार्बन डायऑक्साइडची साखर होत नसतानाही प्राणवायू निघाला. म्हणजे पाणी फोडणे आणि साखर करणे ही दोन वेगळी कामे ठरली. पाण्यातून निघालेला इलेक्ट्रॉन घ्यायला कोणीतरी समोर असले, की पहिले काम चालू राहते. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट इमर्सन यांना दिसले, की दोन वेगळ्या लांबीच्या लाल लहरी एकत्र टाकल्या, तर प्रकाशसंश्लेषण त्यांच्या बेरजेपेक्षा जास्त होते. १९६० मध्ये हिल आणि फे बेंडॉल यांनी त्याचा अर्थ लावणारी मांडणी केली. पानात एक नव्हे, दोन प्रकाशप्रणाली आहेत, आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडून पहिलीकडे जातो. क्रमांक उलटे वाटतात, पण ते शोधाच्या ओघात पडले आणि तसेच राहिले.

याच सुमारास तणनाशके या कथेत येतात. डायुरॉन हे तणनाशक ड्यू पाँट या अमेरिकन कंपनीने १९५० च्या दशकात बाजारात आणले. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला डीसीएमयू या आद्याक्षरी नावाने ओळखतात. १९५६ मध्ये वेसेल्स आणि व्हान डर व्हेन या डच संशोधकांनी दाखवले, की अगदी थोडे डीसीएमयू घातले तरी हिल यांच्या प्रयोगातला प्राणवायू बंद होतो. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांना जणू एक पाचर मिळाली. वाटेवर ती ठोकायची आणि तिच्या अलीकडे काय साचते, पलीकडे काय आटते, ते पाहायचे. हॉलंडच्या लायडन विद्यापीठात ड्यूसेन्स यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी दोन प्रकाशप्रणालींचा जो भक्कम पुरावा दिला, त्यातही ही पाचर त्यांच्या हाताशी होती.

कापूस आणि लिंबूवर्गीय फळबागांतल्या तणांसाठी आपल्याकडे विकले जाणारे डायुरॉन आणि प्रयोगशाळेतले डीसीएमयू एकच. शेतकऱ्याला ते तण मारणारे औषध म्हणून मिळाले आणि शास्त्रज्ञाला पान समजून घेण्याचे साधन म्हणून. दोघांना एकमेकांची खबर नव्हती.

फाटक सांभाळणारी प्रथिने

ही पाचर नेमकी कुठे बसते, हे समजायला आणखी वीस वर्षे गेली. ते समजावून घेण्यासाठी एकाधिकार खरेदीच्या काळातले कापूस संकलन केंद्र आठवावे. फाटकाबाहेर बंड्यांची रांग, आत वजनकाटा, आणि काटा करून गंजीकडे जाणारा माल.

पानातल्या दुसऱ्या प्रकाशप्रणालीच्या गाभ्यात डी-१ नावाचे प्रथिन आहे. प्रकाशाच्या धक्क्याने सुटलेला इलेक्ट्रॉन आधी क्विनोनच्या पहिल्या थांब्यावर येतो आणि तिथून दुसऱ्या थांब्यावर जातो. हा दुसरा थांबा डी-१ च्या एका खोबणीत आहे. तिथे प्लास्टोक्विनोन नावाचा रेणू बंडीसारखा येऊन उभा राहतो. एक इलेक्ट्रॉन मिळाला तरी तो हलत नाही. दुसरा मिळाला, की भरलेली बंडी निघते आणि तिच्या जागी रिकामी बंडी येते. दोन पोती भरल्याखेरीज गाडी सुटायची नाही, हा या फाटकाचा नियम १९७३-७४ च्या सुमारास फ्रान्स आणि हॉलंडमधल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधला.

१९८१ मध्ये ब्रुनो वेल्थाइस यांनी दाखवून दिले, की डायुरॉनसारखी तणनाशके याच खोबणीसाठी प्लास्टोक्विनोनशी स्पर्धा करतात. बंडीच्या जागेवर दगड आणून ठेवावा, तसे. त्याच वर्षी अमेरिकेत किरणोत्सारी खूण लावलेले अ‍ॅट्राझिन वापरून ते ज्या प्रथिनाला चिकटते, ते प्रथिनही ओळखण्यात आले. अ‍ॅट्राझिन म्हणजे मका आणि उसात वापरले जाणारे तणनाशक. ते चिकटते ते डी-१ लाच.

दगड ठेवल्यावर गवत मरते कसे? उपासमार हे उत्तर अपुरे आहे. साखर बंद झाली तरी झाड काही दिवस तग धरते. खरा घात ऊन करते. हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहते, पण ती ऊर्जा पुढे जायला वाट नसते. मग ती ऊर्जा जवळच्या प्राणवायूला देऊन टाकली जाते आणि तो प्राणवायू भलताच जहाल होतो. पानातले स्निग्ध पदार्थ, हरितद्रव्य, प्रथिने तो जाळत सुटतो. म्हणजे औषध फक्त फाटक अडवते. पानाला जाळणारा सूर्य असतो.

आणि निरोगी पानातही हा धोका रोजचा आहे. चैत्रातले बारा वाजताचे ऊन पानाला झेपेल त्याहून कितीतरी जास्त असते. म्हणून या वाटेवर ठिकठिकाणी राखणदार आहेत. डी-१ स्वतः भर उन्हात सतत मोडते आणि सतत नवे बनते. मोडलेले काढून नवे बसवण्याचे काम कडक प्रकाशात तासाच्या आतबाहेर होते. या झपाट्याचा शोध घेणाऱ्यांत मार्विन एडलमन यांच्याबरोबर काश्मिरातून गेलेले ऑटर मट्टू हे भारतीय संशोधक होते. इलेक्ट्रॉनांचा प्रवाह आणि या प्रथिनाची मोड यांचा संबंध त्यांच्या गटाने १९८४ मध्ये दाखवला.

मधल्या टप्प्यावर सायटोक्रोमचा संकुल आहे. प्रवाह फार झाला, की पातळ पडद्यांच्या आतली बाजू आम्लधर्मी होते आणि हा संकुल आपोआप मंद चालू लागतो. वजनकाट्यावरचा माणूस गंज भरल्यावर हात आखडता घेतो, तसा. बंड्या साचल्या, तर एक वेगळे प्रथिन प्रकाश गोळा करणाऱ्या भागांना फॉस्फेटची खूण लावते आणि त्यातले काही दुसऱ्या प्रणालीकडून पहिलीकडे सरकतात. साचलेल्या बंड्या आणि ही खूण यांचे नाते १९८१ मध्ये कळले; खूण लावणारे प्रथिन, एसटीएन-७, २००५ मध्ये हाती आले. २००२ मध्ये जपानी संशोधकांना पीजीआर-५ हे आणखी एक प्रथिन सापडले. पहिल्या प्रणालीतून निघालेल्या इलेक्ट्रॉनांपैकी काही पुढे न पाठवता मागे, पुन्हा वाटेच्या मध्यावर आणून सोडण्यात त्याचा हात असतो. ते नसलेली रोपे कमी-जास्त होणाऱ्या उन्हात तगत नाहीत.

थोडक्यात, पान म्हणजे उघडा नळ नव्हे. त्याच्या प्रत्येक वळणावर प्रथिनांनी राखलेले फाटक आहे, आणि तण मारणारी काही महत्त्वाची रसायने या फाटकांवरच घाला घालतात.

ट्रॉम्बेचा मंद उजेड

या शोधकथेतली बहुतेक नावे परदेशी आहेत. पण सगळी नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे प्रफुल्लचंद्र विष्णू साने यांनी गुडचाइल्ड आणि रॉडरिक पार्क यांच्याबरोबर केलेले काम १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. हरितलवकात काही पडदे नाण्यांच्या चळतीसारखे रचलेले असतात आणि काही सुटे असतात. प्रकाशप्रणाली वेगळ्या करण्यासाठी तोवर बहुधा साबणासारखी रसायने वापरत, आणि त्यात पडद्यांची मूळ रचना विस्कटण्याची भीती असे. साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायने टाळून केवळ दाबाने हरितलवके फोडली आणि दाखवले, की सुट्या पडद्यांत फक्त पहिली प्रकाशप्रणाली असते, तर चळतीत दोन्हींच्या खुणा सापडतात. दोन्ही प्रणाली सगळीकडे सारख्या पसरलेल्या आहेत, हा समज त्यामुळे ढासळला. पुढे १९८० मध्ये अँडरसन आणि अँडरसन, म्हणजे स्वीडनचे बेर्टिल आणि ऑस्ट्रेलियाच्या जॅन, यांनी हे चित्र पूर्ण केले. वाटेचे दोन भाग जर वेगवेगळ्या वाड्यांवर असतील, तर मधली ने-आण करणाऱ्यांना महत्त्व येते. प्रवाहाचे नियमन हा विषय इथूनच ठसठशीत झाला.

साने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करत होते. तिथे व्ही. जी. ताटके आणि टी. एस. देसाई यांच्याबरोबर त्यांनी एक सुंदर पद्धत हाताळली. पानावर प्रकाश टाकायचा, ते द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात गोठवायचे आणि मग अंधारात हळूहळू तापवायचे. गोठताना जे इलेक्ट्रॉन वाटेत अडकले, ते ऊब मिळताच मागे फिरतात आणि परतताना अतिशय मंद उजेड सोडतात. डोळ्यांना तो दिसत नाही, पण यंत्राला दिसतो. कोणत्या तापमानाला उजेड निघाला, यावरून इलेक्ट्रॉन किती खोल थांब्यावर अडकला होता, हे कळते. अमेरिकेत अर्नोल्ड आणि शेरवुड यांनी १९५७ मध्ये पाहिलेल्या या उजेडाचा ट्रॉम्बेच्या गटाने १९७० च्या दशकात पालकाच्या पानांवर पद्धतशीर अभ्यास केला. इलिनॉयचे गोविंदजी यांच्यासह त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे अडकलेले इलेक्ट्रॉन किती काळ टिकतात, याची गणिते मांडली आहेत.

या प्रयोगांतही डायुरॉनच हाताशी होते. सुदृढ पानात साधारण ३० अंश सेल्सिअसला दिसणारा उजेड डायुरॉन घातल्यावर नाहीसा होतो आणि त्याहून बऱ्याच कमी तापमानाला, ५ अंशांच्या आसपास, दिसतो. १९८२ मध्ये रुदरफर्ड, क्रॉफ्ट्स आणि इनोवे यांनी त्याचा उलगडा केला. पहिल्या प्रसंगी इलेक्ट्रॉन दुसऱ्या थांब्यावरून परततो. डायुरॉनने तो थांबा अडवल्यामुळे तो पहिल्याच थांब्यावरून परततो. जे औषध शेतात तण जाळते, त्याचा घाव पानात नेमका कुठे बसतो, हे असे उजेडाने लिहून दाखवले.

साने यांना पुढे भटनागर पुरस्कार मिळाला, ते लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि निवृत्तीनंतर जळगावला ठिबक सिंचनाच्या एका मोठ्या उद्योगात संशोधनाचे काम पाहू लागले. म्हणजे पानातल्या इलेक्ट्रॉनांचा माग काढणारा माणूस अखेरीस खानदेशच्या केळीबागांजवळ येऊन राहिला.

ज्वारीचे शहाणपण

वऱ्हाडाचे जुने पीक कापूस आणि ज्वारी. या दोन पिकांची पाने आतून सारखी नाहीत.

ज्वारीच्या पानात शिरांभोवती पेशींचे वेढे असतात आणि साखर मुख्यतः तिथे बनते. १९७० मध्येच, साने यांचा निबंध आला त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मका आणि ज्वारीच्या या वेढ्यांतली हरितलवके तपासली. त्यांत पडद्यांच्या चळती जवळजवळ नव्हत्याच आणि दुसरी प्रकाशप्रणाली फारच तुटपुंजी होती. म्हणजे ज्वारीने या पेशींत प्राणवायू तयार होऊ द्यायचा नाही असे ठरवले, आणि लागणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन पहिल्या प्रणालीभोवती गोल फिरवून काढली. साने यांच्या निबंधातले सुटे पडदे आणि ज्वारीच्या वेढ्यांतले सुटे पडदे एकमेकांना दुजोरा देत होते.

ज्वारीचे आणखी एक शहाणपण आहे. अ‍ॅट्राझिनने रुंद पानांचे तण मरते, पण ज्वारी-मका वाचतो. डी-१ त्यांच्यातही आहे, खोबणीही तीच आहे. फरक असा, की त्यांच्या पानांतली काही प्रथिने अ‍ॅट्राझिनच्या रेणूला ग्लुटाथायोन जोडून निकामी करतात. ज्वारीतली ही क्रिया १९७० च्या आसपास उलगडली. दगड फाटकापर्यंत पोचायच्या आधीच वाटेत फोडला जातो. कपाशीला हे जमत नाही. म्हणून एकाच धुऱ्यावरच्या दोन वावरांत एकच फवारा एका पिकाला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरू शकतो.

माठाने शोधलेली पळवाट

तणही हातावर हात ठेवून बसत नाही. अ‍ॅट्राझिनच्या घराण्यातल्या औषधाने न मरणारे तण १९७० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून नोंदवले गेले. १९८३ मध्ये हिर्शबर्ग आणि मॅकिंटॉश यांनी अशा एका तणाचे गुपित उघड केले. ते तण आपल्या माठ, राजगिरा, तांदुळजा यांच्याच कुळातले होते. त्याच्या डी-१ प्रथिनात २६४ व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन आले होते. साडेतीनशेच्या आसपास मण्यांच्या माळेत एकच मणी बदलला आणि अ‍ॅट्राझिनला खोबणीत धरायला आधार उरला नाही.

या पळवाटेला किंमत होती. बदललेल्या खोबणीत प्लास्टोक्विनोनही पूर्वीसारखा चपखल बसत नाही, इलेक्ट्रॉन संथ जातो, आणि औषध नसलेल्या शेतात असे तण साध्या तणापुढे मागे पडते. औषध आलटून पालटून वापरले, तर असे तण डोके वर काढत नाही. वर्षानुवर्षे एकच वापरले, तर तेच उरते.

आपल्या देशातला धडा हरियाणाचा आहे. तिथे गव्हात गुल्ली-डंडा नावाचे तण मारायला आयसोप्रोट्युरॉन वर्षानुवर्षे वापरले गेले. हेही डायुरॉनच्याच जातीचे, त्याच खोबणीत बसणारे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या तणाला औषध लागेनासे झाले. त्याने खोबणी बदलली नव्हती. ज्वारीसारखे औषध पचवायला ते शिकले होते. कित्येक शेतकऱ्यांना उभा गहू वैरण म्हणून कापावा लागला.

मागच्या दाराची चोरी

पॅराक्वाट हे औषध फाटक अडवत नाही. ते वाटेच्या शेवटी, पहिल्या प्रणालीपाशी उभे राहते आणि फेरेडॉक्सिन या प्रथिनाच्या वाट्याचे इलेक्ट्रॉन हिसकावून घेते. ते लगेच प्राणवायूला देऊन टाकते आणि रिकाम्या हाताने पुन्हा चोरीला येते. प्रत्येक फेरीला प्राणवायूचा एक जहाल अवतार तयार होतो. म्हणून कडक उन्हात काही तासांत गवत करपते.

हा रेणू १८८२ मध्येच बनवलेला होता. १९३३ मध्ये लिओनोर मिखाएलिस यांनी इलेक्ट्रॉनांची देवघेव रंगाने दाखवणारे द्रव्य म्हणून त्याच्या घराण्याचा अभ्यास केला. तण मारण्याचा त्याचा गुण ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९५५ मध्ये लक्षात आला आणि १९६२ मध्ये तो बाजारात आला.

काळ्या मातीच्या प्रदेशात त्याचे एक वैशिष्ट्य ठळक दिसते. आपल्या मातीतल्या चिकणमातीला हा रेणू इतका घट्ट धरून बसतो, की मातीला लागताच तो निकामी होतो. गढूळ पाण्यात मिसळले तर म्हणूनच गुण येत नाही. आणि पान जळाले तरी हरळी, कुंदा, लव्हाळा मुळांपासून पुन्हा फुटतात. निंदणारी बाई मुळासकट काढते, हे औषध तसे काढत नाही.

पण माणसाच्या शरीरात काळी माती नाही. फुप्फुसाच्या पेशी हा रेणू ओढून घेतात. तिथे हरितलवके नाहीत, तरी इलेक्ट्रॉन आहेत आणि प्राणवायू तर मुबलक आहे. पानात चाललेली तीच चोरी तिथे सुरू होते. रुग्णाला प्राणवायू द्यावा, तर चोरीला इंधनच मिळते. या विषावर खात्रीचा उतारा नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत वीसहून अधिक माणसे गेली. ती विषबाधा मुख्यतः कीटकनाशकांची, मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या औषधांची होती आणि तिचे उपचार वेगळे असतात. दवाखान्यात पोचल्यावर 'फवारणीचे औषध' एवढेच सांगून भागत नाही, ते यासाठी. युरोपीय संघात २००७ मध्ये पॅराक्वाटची परवानगी रद्द झाली. दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये विक्री थांबवली आणि विषप्राशनाने होणारे मृत्यू तिथे ठळकपणे घटले. ज्या भागात घरातली बाटली हाताशी असणे हाच मोठा धोका आहे, त्या भागाने हा आकडा नीट वाचायला हवा.

बियाण्याची वाट आणि ज्ञानाची वाट

ट्रॉम्बे आणि अकोला यांच्यामध्ये एक वाट फार पूर्वीच तयार झाली आहे. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात स्थापन झालेल्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने भाभा केंद्राबरोबर पिकांच्या जाती काढल्या. उडदाची टीएयू-१, भुईमुगाची टीएजी-२४, तुरीची टीएटी-१० ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. त्यातला 'टी' ट्रॉम्बेचा आणि 'ए' अकोल्याचा. भौतिकीच्या केंद्रातून निघालेले संशोधन वऱ्हाडाच्या धुऱ्यापर्यंत पोचू शकते, याचा याहून सरळ पुरावा नको.

पण त्याच ट्रॉम्बेत, त्याच वर्षांत, डायुरॉन पानात कुठे बसते याचा जो उलगडा होत होता, तो डायुरॉन विकत घेणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत आला नाही. बियाणे एका वाटेने आले, विष दुसऱ्या वाटेने आले, आणि त्या विषाचे ज्ञान इंग्रजी नियतकालिकांत राहिले. शेतकऱ्याला हे कळणार नाही, असे कोणी म्हणेल, तर मला ते पटत नाही. दोन पोती भरल्याशिवाय बंडी हलत नाही, हे ज्याने रात्र रात्र संकलन केंद्रावर काढून पाहिले आहे, त्याला प्लास्टोक्विनोन समजावून सांगायला अर्धा तास पुरे.

त्यासाठी फार मोठी व्यवस्थाही लागत नाही. जगभरची तणनाशके ती कोणत्या प्रथिनावर किंवा कोणत्या टप्प्यावर घाला घालतात, त्यानुसार क्रमांकांच्या गटांत आधीच विभागलेली आहेत. डी-१ च्या खोबणीत बसणारी डायुरॉन, अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन गट ५ मध्ये आहेत. पहिल्या प्रणालीपाशी चोरी करणारे पॅराक्वाट गट २२ मध्ये. अकोली जहांगीरच्या लागवडीने गाजलेले ग्लायफोसेट गट ९ मध्ये. त्याचा इलेक्ट्रॉनांशी संबंध नाही, ते वेगळ्याच प्रथिनाला अडवते. हा एक क्रमांक प्रत्येक बाटलीवर ठळक मराठीत असावा, कृषी केंद्राच्या पावतीवर उतरावा आणि दवाखान्याच्या नोंदीतही यावा. बाटलीचे नाव दरवर्षी बदलते, रंग बदलतो, कंपनी बदलते. क्रमांक बदलत नाही. यंदा पाच वापरले, तर पुढच्या वर्षी पाच नको, एवढे शेतकऱ्याने लक्षात ठेवले, तर हरियाणाचा गहू इथे सोयाबीनच्या रूपाने वैरणीला जाणार नाही. आणि बावीस लिहिलेली बाटली घरात ठेवायची की नाही, याचा निर्णय घरातल्या बाईलाही घेता येईल.

तणाचा इतिहास लिहायचा, तर तो डवऱ्यापासून सुरू होईल आणि डी-१ च्या खोबणीपर्यंत येईल. डवरा कसा चालतो, हे गावातल्या पोरालाही ठाऊक होते. त्याच्या जागी आलेले औषध कसे चालते, हे जोवर त्याच पोराला ठाऊक नाही, तोवर वऱ्हाडाने निंदण सोडले आणि बदल्यात घेतले काय, हे विकणाऱ्यालाच ठाऊक राहील.